ट्रॉलीची झूल

नगरच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर दर ऑक्टोबरात शहीद पोलिसांचा स्मृतिदिन होतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, ठाऊक आहे मला, पण जिभेला नगरच बसलंय. त्या दिवशी पहिल्या रांगेत माझी खुर्ची असते आणि शेजारी माझ्या भावजयीची. मी शिवणकाम करणारी बाई, शाळा चौथीपर्यंत, एरवी कुठल्याही कार्यक्रमाला मागं खांबाला टेकून बसायची सवय. पण तिथं एक महिला शिपाई येते, हाताला धरून पुढं नेते आणि पाण्याची बाटली देते. सुरुवातीला मी तिथं नुसती रडायची, त्यामुळं समोर काय चाललंय ते मला दिसलंच नव्हतं. पुढं डोळे कोरडे झाले, तेव्हा कळलं की हा कार्यक्रम फार नेटका असतो.

वर्षभरात साऱ्या देशात कामावर असताना गेलेल्या पोलिसांची नावं वाचतात. कुठकुठली नावं असतात, काही वाचणाऱ्याच्या जिभेवर चढत नाहीत. मग तो थांबतो, घाम पुसतो आणि ते नाव पुन्हा नीट म्हणतो. मला याचं फार बरं वाटतं. ज्या माणसाला आपण कधी पाहिलं नाही, त्याचंही नाव चुकू नये म्हणून कुणीतरी उन्हात थांबतो. मग जवान बंदुका उलट्या धरून माना खाली घालतात, बिगूल वाजतो, हवेत फैरी झडतात. झाडावरची पाखरं उडतात आणि जरा वेळानं परत त्याच झाडावर येऊन बसतात. नंतर चहा आणि बटाट्याचे वेफर्स. त्या चहाला आम्ही घरातल्या माणसांसारखे बोलतो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. प्रत्येकाचं एकेक माणूस गेलेलं, त्यामुळं सुरुवात कुठून करायची हा प्रश्न नसतो.

माझा धाकटा भाऊ हवालदार होता. मी त्याच्याहून बरीच मोठी, त्याला कडेवर घेऊन मी विहिरीवर धुणं धुतलंय. तो मला आक्का म्हणायचा, त्याच्यामुळं सारं गाव म्हणायला लागलं. अंगानं आडवा, आवाज मोठा, पण स्वभाव असा की चोर पकडला तर आधी त्याला जेवलास का विचारायचा. त्याचे सोबती त्याला यावरून चिडवत.

आमचा भाग श्रीगोंद्याचा, ऊस आणि कारखाने. हंगाम सुरू झाला की रस्ता ट्रॅक्टरांचा होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस इतका रचलेला की मागून बघितलं तर ट्रॉली दिसतच नाही, काळा ढीग चालल्यासारखा वाटतो. आमच्या गावापुढं ओढ्याजवळ रस्ता वळतो आणि उतरतो. हिवाळ्यात ओढ्यावरून धुकं उठतं आणि त्या वळणावर बसून राहतं. अशाच एका पहाटे तिथं एका ट्रॉलीचं टायर फुटलं. भाऊ गस्तीवरून परत चालला होता. त्याची ड्युटी संपल्यातच जमा होती, पण तो थांबला. ट्रॉलीच्या मागं बॅटरी घेऊन उभा राहिला आणि येणाऱ्या गाड्या बाजूनं काढायला लागला. किती गाड्या त्यानं सुखरूप काढल्या असतील, देव जाणे. त्यातल्या लोकांना पत्ताही नसेल. एका टेम्पोवाल्याला धुक्यात ना ट्रॉली दिसली, ना बॅटरी. भाजी घेऊन बाजाराला निघालेला साधा माणूस होता. पिलेला नव्हता, झोपलेला नव्हता. त्याला दिसलंच नाही.

पहिल्या वर्षी लोक भेटायला यायचे आणि विचारायचे, कशात गेला? दरोडेखोरांच्या मागं होता का, गोळी लागली का? मी सांगायची की उसाच्या ट्रॉलीमागं उभा होता. मग माणसांचा चेहरा थोडा उतरायचा. त्यांना काही मोठं ऐकायचं होतं. मला तेव्हा वाईट वाटायचं. आता मी त्यांना सरळ सांगते, बाबांनो, तुम्ही घरी पोचावं म्हणून जो अंधारात उभा राहतो, त्याच्याहून मोठं काय असतं? गोळीला निदान आवाज असतो.

असो. मला सांगायचंय ते पुढचं.

भाऊ गेला तेव्हा त्याची मुलगी शाळेत होती. बापासारखीच हाडापेरानं मजबूत. कॉलेज करता करता ती पहाटे माळावर पळायला लागली. आईला सांगितलं, वजन कमी करतेय. माझ्या भावजयीला ते पटलं, कारण वजन होतंच. मला मात्र तिनं खरं सांगून ठेवलं होतं. पोलीस भरतीत तिचं नाव लागलं, तेव्हा भावजय दोन दिवस कुणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं पुरणपोळी केली. मला वाटलं, मिटलं.

मिटलं कुठलं. पुढं पोरीची बदली आमच्याच भागातल्या पोलीस ठाण्यात झाली. हंगामात वाहतुकीच्या ड्युटीवर जावं लागणार होतं, आणि वाहतूक म्हणजे तेच वळण. भावजय माझ्याकडं आली. मी मशीनवर बसले होते, तिनं चाकावर हात ठेवून मशीनच थांबवलं.

"वन्सं, तुम्हाला साहेब मान देतात. तुम्ही एक शब्द टाका. पोरीला आत बसवा, कॉम्प्युटरवर, वायरलेसवर, कुठंही. पण त्या वळणावर नको."

आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोरगी आली, वर्दीतच. तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "आत्या, तू साहेबांकडं गेलीस ना, तर मी तुझ्या घरचं पाणी प्यायची नाही." असं म्हणून माठातलं पाणी पिऊन गेली.

आता दोघीही खऱ्या होत्या. एकीचा नवरा तिथं गेला होता, दुसरीचा बाप. एकीला त्या जागी आपलं लेकरू नको होतं, दुसरीला त्याच जागी उभं राहायचं होतं. मी दोघींना सांगितलं, मला विचार करू द्या. भावजय म्हणाली, करा, पण हा एवढा एक हंगाम मी बघणार. वळण जसं आहे तसंच राहिलं, तर ती स्वतः साहेबांचे पाय धरणार आणि पोरीला आत बसवणार. ती बोलते ते करते, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

वळण काही मला सरळ करता येत नव्हतं. धुकं तर कुणालाच आवरता येत नाही. राहिली ट्रॉली. ती दिसली पाहिजे, एवढंच हातात होतं. गाडीच्या मागं चमकणारी ती लाल पट्टी असते ना, जिला सगळे रेडियम म्हणतात, ती प्रत्येक ट्रॉलीला लावायची, असं आमचं ठरलं. आमचं म्हणजे मी, पोरगी, तिचे ठाण्यातले साहेब आणि गावातले ट्रॅक्टरवाले.

दिवस धरला खंडेनवमीचा. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रांची पूजा असते आणि गावात ट्रॅक्टरांची. ट्रॅक्टर, ट्रॉल्या धुऊन आणल्या होत्या, रंग नवा दिलेला, झेंडूच्या माळा. मारुतीच्या देवळापुढं नुसती रांग. साहेब आले, भावाच्या फोटोला हार घातला. साहेब चांगलं बोलले, थोडं बोलले. मग पोरीनं पहिली पट्टी लावली. लावायची कुठं, तर ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर. फाळका म्हणजे ट्रॉलीचं मागचं लोखंडी दार. चांगला रुंद, सपाट, जणू रेडियम लावायलाच केलेला. सगळ्यांनी फाळके भरून टाकले. एकानं रेडियमचा त्रिशूळ केला, एकानं मुलीचं नाव लिहिलं. भावजयही आली होती. तिनं प्रत्येक फाळक्याला कुंकू लावलं. फोटो निघाले, पेढे झाले, मला वाटलं भावाचं खरं स्मारक आज झालं.

त्या वर्षी दिवाळी उशिरा होती आणि कारखान्याचा बॉयलर दिवाळीआधीच पेटला, उसाची वाहतूक सुरू झाली. एका संध्याकाळी भावजय पोरीच्या स्कुटीवर मागं बसून माझ्याकडं येत होती. आली ती ओट्यावर बसलीच.

"वन्सं, काहीच दिसलं नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, काय दिसलं नाही?

"ट्रॉली. अगदी जवळ जाईपर्यंत. आपण लावलेलं सगळं कुठं गेलं?"

पोरगी मागं उभी राहून हसू दाबत होती, रडू दाबत होती, काय दाबत होती कोण जाणे. ती म्हणाली, "आत्या, ऊस भरताना फाळका काढून घरी ठेवतात."

मी कपाळावर हात मारला. आम्ही सगळे उसातले लोक. माझा जन्म उसात गेला. ऊस भरायचा म्हणजे फाळका काढायचा, मागं ऊस बाहेर येतो, फाळका लागतच नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. पण खंडेनवमीला ट्रॉली रिकामी होती, धुतलेली होती, फाळका लावून नवरीसारखी उभी होती. गावातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. आता ते सगळे फाळके घराघरांच्या भिंतीला टेकून उभे होते. रस्त्यानं मोटारसायकल गेली की आमच्या गल्लीतल्या पडव्या लखलख करायच्या. गोठे चमकत होते, कोंबड्यांचे खुराडे चमकत होते आणि रस्त्यावरच्या ट्रॉल्या काळ्याठिक्कर. गावात ज्याला त्याला हसू यायला लागलं. साहेबांना कळलं तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, फोटो काढताना माझ्या मागं रिकामी ट्रॉली होती, मलाही कळायला हवं होतं. भावजय मात्र हसली नाही. तिच्या दृष्टीनं हंगाम सुरू झाला होता आणि वळण होतं तसंच होतं.

मग मी दुसरा मार्ग धरला. लोखंडाला लावून उपयोग नाही, कारण लोखंड उसाखाली जातं. जे काही लावायचं ते ऊस भरून, वरून दोर आवळून झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, वरच लावायला पाहिजे. बैलाला झूल घालतो तशी. कापड पावसादवानं सडतं, म्हणून फ्लेक्स घेतलं. आमच्या तालुक्यात फ्लेक्सला काय तोटा आहे? कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. जुने बोर्ड ग्रामपंचायतीच्या मागं पडले होते, विचारून आणले. त्यांचे तुकडे कापले, पाठीवर रेडियमच्या पट्ट्या ठेवल्या आणि मशीनवर शिवल्या. नुसत्या चिकटवल्या तर धुळीनं सुटतात. फ्लेक्सला मशीन कुरकुर करायचं, सुया मोडायच्या, पण झुली झाल्या. वरच्या दोन कोपऱ्यांना नाड्या, त्या उसावरच्या दोराला बांधायच्या. पुढाऱ्याचं हसरं तोंड उसाकडे आणि रेडियम रस्त्याकडे. एक झूल अशी झाली की आतून एका बाईंचा नमस्कार करणारा हात तेवढाच खाली डोकावत होता. ती ट्रॉली गेली की लोक हात जोडायचे.

झुली वाटल्या. ड्रायव्हर लोकांनी घेतल्या, तारीफ केली आणि बांधल्या नाहीत.

रागावून उपयोग नव्हता, कारण मला त्यांची कामं माहीत होती. ते बरेचसे आमच्या जिल्ह्याच्या कोरड्या अंगाचे, जामखेड, पाथर्डीकडचे. तिकडं पाणी नाही म्हणून इकडं येतात. पहाटे ऊस भरायला लागतात, दोर आवळेपर्यंत दंड भरून येतात, मग कारखान्यावर रांगेत उभे राहतात. त्यातला एक जरा वयस्क ड्रायव्हर जामखेडजवळच्या खर्ड्याचा होता, माझ्याकडून शर्टाच्या कॉलर उलटून घ्यायचा. त्याला मी विचारलं, झूल कुठाय? तो म्हणाला, "आक्का, तुमची झूल लई भारी हाय. पर दोर आवळला की हात वर उचलत न्हाई बगा. सीटखाली ठिवली हाय, जपून." जपून ठेवली होती, यात शंका नाही. घडीसुद्धा मोडली नव्हती.

पोरगी म्हणाली, आत्या, मी दंड करते. केलाही तिनं चारदोन जणांना. मग ते ठाण्याच्या हद्दीपुरती बांधायचे आणि पुढं गेल्यावर सोडायचे. वळण हद्दीतच होतं, पण दंडाच्या भीतीनं बांधलेली नाडी कशीतरी बांधलेली असते, वाऱ्यानं झूल वर उडून उसावर जाऊन बसायची. मनापासून बांधल्याशिवाय ती नीट लटकत नव्हती.

भाऊबीज आली. भाऊ गेल्यापासून त्या दिवशी मी काय करते, तर ठाण्यात ताट घेऊन जाते. दिवाळीत ड्युटीवर असलेल्या पोलिसांना ओवाळते, करंज्या देते. त्या दिवशीही निघाले, तर भावजय म्हणाली, मीही येते. वाटेत कारखान्याचा तळ लागतो. तिथं ट्रॅक्टरांची ही मोठी रांग, आणि ट्रॅक्टरांच्या सावलीला ड्रायव्हर बसलेले. कुणी गाणी लावलेली, कुणी मोबाईलवर घरी बोलत होता. खर्ड्याचा तो ड्रायव्हर फोन तोंडासमोर धरून बसला होता, फोनमध्ये त्याची बहीण ताट ओवाळत होती. फोनमधूनच. तिनं कुंकवाचं बोट पुढं केलं तर यानं खरंच कपाळ पुढं केलं.

मी भावजयीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आम्ही रिक्षा थांबवली.

मी त्याच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, फोन ठेव, डोक्यावर काहीतरी घे. तो गडबडला. गळ्यातला टॉवेल डोक्यावर टाकून ट्रॉलीच्या दांड्यावर सरळ बसला. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. बाकीचे बघायला जमले. त्यांनी चेष्टा सुरू केली, गड्याला बहीण मिळाली, आता साडी घे म्हणून. तो खिसे चाचपायला लागला.

"आक्का, खिशात काय न्हाई वो आत्ता. घरी गेल्यावर धाडतो."

मी म्हटलं, "खिशातलं नको मला. दोर आवळला की झूल बांधायची. रोज. कुणी बघो न बघो. एवढी ओवाळणी घाल."

त्यानं खिशातला हात बाहेर काढला. मागून एक जण म्हणाला, साडीत सुटला असतास. सगळे हसले, तोही हसला. मग त्यानं माझ्या ताटाकडं नीट बघितलं, निरांजनाला हात दाखवून डोळ्यांना लावला.

"तुमचा भाऊ त्या वळणावर गेला त्यो. मला ठाव हाय. ज्याची ट्रॉली हुती त्यो आमच्याकडचाच हुता. त्यानं मग ट्रॅक्टर चालवनं सोडलं." असं म्हणून तो उठला. सीटखालून झूल काढली, ट्रॉलीवर चढला आणि मी ताट धरून उभी असतानाच बांधली. गाठी चांगल्या मारल्या. खाली उतरून म्हणाला, "ओवाळणी पडली बगा."

मग रांगच लागली. ज्याच्या त्याच्या डोक्यावर टॉवेल, रुमाल, एकानं तर हेल्मेट घातलं. मी ओवाळून ओवाळून थकले तेव्हा भावजयीनं ताट घेतलं. मी बाजूला बसून बघत होते. तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं, पण ती प्रत्येकाला तेच म्हणत होती, दोर आवळला की झूल. करंज्या तिथंच संपल्या. ठाण्यातल्या पोलिसांना त्या वर्षी नुसत्या चिवड्यावर भागवावं लागलं. त्यावरून मला अजून बोलणी बसतात.

सगळे बांधायला लागले, असं मी म्हणणार नाही. जे ओवाळून घ्यायला नव्हते ते तसेच फिरायचे. पण बरेच बांधायचे, आणि मनापासून बांधायचे. बाजेवर बसून रस्त्याकडं बघितलं की संध्याकाळच्या गाड्यांच्या उजेडात लांबून लाल रेघा दिसायच्या. मला ते बघायला फार आवडायचं. शिवलेलं कापड कुणाच्या अंगावर बघितलं की बरं वाटतं ना, तसंच. फक्त हे जरा मोठ्या मापाचं.

तरी भावजयीनं आपला शब्द मागं घेतला नव्हता. धुकं अजून पडायचं होतं.

ते पडलं तेव्हा तिची दाढ सुजलेली होती. गाल असा वर आलेला की एक डोळा बारीक. नगरला दाताच्या डॉक्टरकडं जायचं होतं, मी सोबत निघाले. सकाळची पहिली एसटी. बाहेर दिवस उजाडल्याचं घड्याळाला तेवढं माहीत होतं, काचेतून नुसतं पांढरं. गाव सुटलं आणि भावजयीनं माझा हात धरला. पुढं कोणतं वळण आहे, ते आम्हाला धुक्यातही कळतं.

एसटीचा ड्रायव्हर अचानक हळू झाला. अजून वळण लांब होतं. मी पुढच्या काचेतून बघितलं, तर पांढऱ्यात लाल रेघा लटकत होत्या, चांगल्या लांबवर, स्थिर. ट्रॉली उभी होती, एका अंगाला कललेली. टायर गेलेलं. आणि तिच्या पाठीमागं चार पावलं सोडून अंगात चमकणारं जाकीट घातलेली आमची पोरगी, हातात लाल उजेडाची काठी. तिच्या बापाच्या जागेवर.

भावजयीचा हात माझ्या हातात घट्ट झाला, अंगठी रुतली.

आमच्या पुढं एक टेम्पो होता. तोही लांबूनच हळू झाला. पोरीनं काठी हलवली, तो बाजूनं सावकाश निघून गेला. मग आमची एसटी. आमची खिडकी पोरीजवळून गेली तेव्हा तिनं आम्हाला बघितलं, हे मला माहीत आहे, पण तोंडावर काही दाखवलं नाही. तिचं लक्ष आमच्या मागच्या गाडीवर होतं. भावजयीनं तेवढ्यात खिडकी सरकवली, सुजलेल्या तोंडानं ओरडली, "स्वेटर घातलाय का आतून?"

साऱ्या एसटीनं ऐकलं. पोरीनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. काठी मात्र हलत राहिली.

आम्ही पुढं गेलो. धुकं मागं राहिलं. भावजयीनं शालीचा बोळा गालाला लावला. मला वाटलं, आता रडेल. किंवा डॉक्टरकडून निघाल्यावर म्हणेल, चला साहेबांकडं. मी दोन्हीची तयारी ठेवली होती. मुख्यालयाचं मैदान एसटीतून दिसतं, तिथंही तिनं मान वळवली नाही.

दाढ निघाली. तोंडात कापूस घेऊन ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. मला खुणेनं जवळ बोलावलं. कापसातून बोलणं नीट येत नव्हतं, पण मला समजलं.

"वन्सं, त्या झुलीचा डावा कोपरा उसवलाय. त्या ट्रॉलीवाल्याला सांगा, आणून द्यायला. डबल शिवण घाला."

एवढ्या धुक्यात, एवढ्या भीतीत, तिनं कोपरा बघितला होता. मी म्हटलं, सांगते. आत बसवायचं नाव तिनं त्या दिवशी काढलं नाही आणि पुढंही काढलं नाही. हंगाम संपल्यावर मीच एकदा विचारलं, साहेबांकडं जायचं राहिलं का? ती म्हणाली, साहेबांना कशाला त्रास, ती आत बसली तर बाहेर कोण उभं राहील? हे तिनं इतक्या सहज म्हटलं की जणू पहिल्यापासून तिचं हेच मत होतं.

आता दर हंगामाआधी ती माझ्याकडं येते आणि आम्ही दोघी झुली शिवतो. ती कापते, मी मशीनवर. फ्लेक्स निवडताना आमचे वाद होतात. तिला निळा रंग आवडत नाही, मी म्हणते तो उसाकडं जायचाय, ऊस काय बघणार आहे? तळावर आम्ही आता भाऊबीजेला जातोच, आणि करंज्या ठाण्याच्या वेगळ्या डब्यात बांधून नेतो. बैलगाडीवाल्यांच्या छोट्या झुली निराळ्या करतो. नवीन आलेल्या ड्रायव्हरांना जुनेच सांगतात, डोक्यावर टॉवेल घे, पर जपून, ही बाई साडी मागत न्हाई.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं थोडंच आहे. स्मृतिदिनाला जमलं तर मैदानावर या, चहा आम्ही पाजू. नाही जमलं तरी हरकत नाही. पण रस्त्यात कुणी वर्दीतलं माणूस हात करत असलं, तर हळू व्हा. हात का करतोय ते पुढं गेल्यावर कळतं, कधी कधी कळतही नाही. त्याला तुमचं काही नको असतं. तुम्ही घरी जावं, एवढ्यासाठीच तो तिथं असतो. आणि तुमची ट्रॉली असेल, तर फाळक्यावर काही लावू नका.

काल खर्ड्याचा तो ड्रायव्हर आला होता. हंगाम अजून लांब आहे, पण ट्रॅक्टर दुरुस्तीला आणला होता. मागच्या वर्षीची झूल घडी घालून घेऊन आला. म्हणाला, आक्का, रेडियम ठीक हाय, पर नाडी कुजली, नायलॉनची घाला. पोरगी ड्युटीवरून आली होती, ओट्यावर बूट काढत होती. त्याला बघून म्हणाली, मामा, तुमचा मागचा दिवा लागत नाही, मी परवा बघितलंय. तो म्हणाला, भाचीसायेब, झूल हाय की. ती म्हणाली, झूल आहे म्हणून दिवा माफ नाही, उद्या दाखवायला आणा. तो माझ्याकडं बघायला लागला, मी काही बोलते का म्हणून. मी सुईत दोरा ओवत होते. भावजय आतून चहा घेऊन आली, त्याच्या हातात कप दिला आणि म्हणाली, बरोबर बोलतेय ती.